कोलेस्टेरॉल नॉर्मल, तरी ब्लॉकेज

‘डॉक्टर, मम्मीचं कोलेस्टेरॉल एकदम बरोबर आहे. शुगर नाही, बीपी नाही. ॲसिडिटीच असंल,’ मुलगा फाईल पुढे करत म्हणाला. वय ४८. तासगावकडे द्राक्षाच्या विरळणीला जाणाऱ्या बाई, मशेरीसुद्धा न लावणाऱ्या. रिपोर्टवर एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, फक्त ७८.

नाडी बघायला हात हातात घेतला तर मनगट गरम, सुजलेलं. बोटांच्या मुळाशी सूज, मूठ वळेना. आमवात (र्‍हुमॅटॉइड आर्थ्रायटिस) जुना. त्यासाठी आठवड्यातून एकदा घ्यायचं मेथोट्रेक्झेट ‘गरम पडतं’ म्हणून सोडलेलं आणि मेडिकलमधून आणलेल्या डायक्लोफेनॅक या वेदनाशामकावर काम चालू. ती गोळीही हृदयाला धोक्याचीच.

‘मावशी, आणखी काय दुखतंय?’

‘रातीपासनं जबडा दुखतोय बघा. खांदे तर नेहमीचेच.’

जबडा म्हटल्याबरोबर ईसीजी काढला. त्यात बदल होते, हृदयाच्या स्नायूला इजा झाल्याचं सांगणारं रक्तातलं ट्रोपोनिनही पॉझिटिव्ह आलं. संध्याकाळपर्यंत हृदयाच्या पुढच्या रक्तवाहिनीत स्टेंट बसला होता.

कॅथलॅबबाहेर मुलानं विचारलं, ‘चरबी नाही, तर ब्लॉकेज कशानं झालं?’ इतका नेमका प्रश्न नातेवाईक क्वचितच विचारतात. मी केसपेपरच्या पाठीमागे चित्र काढून दाखवलं. सुजलेल्या सांध्यातल्या पेशी टीएनएफ, इंटरल्युकिन-१, इंटरल्युकिन-६ असे रासायनिक निरोप रक्तात सोडत राहतात. ते सांध्यापुरते थांबत नाहीत. रक्तवाहिनीचं अस्तर त्यांच्यामुळे चिकट होतं, पांढऱ्या पेशी आत शिरतात, थोड्याशाच चरबीच्या थरावरचं आवरणही पातळ होऊन फाटतं आणि तिथं गुठळी होते. लिव्हर इंटरल्युकिन-६ च्या सांगण्यावरून सीआरपी बनवतं; अंगातला दाह (सूज) किती, ते त्यावरून कळतं. मावशींचं ते ३८ होतं. शिवाय आमवात भडकलेला असताना एलडीएल खाली येतं. म्हणजे ७८ हा आकडा दिलासा देणारा नव्हताच. युरोपातल्या आमवाततज्ज्ञांची संघटना तर अशा रुग्णांचा हृदयविकाराचा हिशेबी धोका दीडपट धरायला सांगते.

२०१७ साली कॅन्टोस चाचणीचे निकाल आले. आधी हार्ट अटॅक येऊन गेलेले, सीआरपी वाढलेले दहा हजारांवर रुग्ण त्यात होते. इंटरल्युकिन-१ बीटा अडवणाऱ्या कॅनाकिनुमॅबनं एलडीएल खाली आणलं नाही, तरी १५० मिलिग्रॅमच्या डोसवर अटॅक, स्ट्रोक आणि हृदयविकारानं होणारे मृत्यू मिळून सुमारे १५ टक्क्यांनी घटले. जीवघेणे जंतुसंसर्ग मात्र वाढले आणि ते औषध हृदयासाठी वापरात आलं नाही. पण दाहाचा हृदयाशी थेट संबंध आहे, हे त्यानं दाखवून दिलं. तरीही आमवाताच्या ओपीडीत हृदयाची चौकशी अजून फार कमी होते, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

डिस्चार्जच्या वेळी डायक्लोफेनॅक बंद केलं. ॲस्पिरिन, क्लोपिडोग्रेल, स्टॅटिन दिलं. रक्ततपासण्या बघून मेथोट्रेक्झेट परत सुरू केलं. ते चुकून रोज घेतलं तर जिवावर बेततं, म्हणून पाकिटावर लाल पेनानं ‘फक्त रविवारी’ लिहिलं आणि मुलाकडून दोनदा वाचून घेतलं.