पावसाळ्यात पितळ: रेझिनला फेस का येतो

"सर, हळू ढवळा." हे वाक्य मी गेल्या जुलैत रेझिनच्या पुरवठादाराकडून चार वेळा ऐकलं. चारही वेळा माझ्यासमोर टेबलावर पितळी रंगाचा पावासारखा फुगलेला गोळा पडलेला होता. राग अजून गेलेला नाही, म्हणून हे लिहितोय. कोकणात कोणी पावसाळ्यात रेझिन (साच्यात ओतलं की घट्ट होणारं पातळ प्लॅस्टिक) ओतायला घेणार असेल तर त्याचे महिने आणि पैसे वाचावेत.

मला करायचा होता स्कायरिममधला सोनेरी पंजा. 2011 साली आलेला हा गेम मी आणि धाकट्या भावाने एकाच कॉम्प्युटरवर पाळीपाळीने खेळला. त्यात अगदी सुरुवातीला ब्लीक फॉल्स बॅरो नावाचं थडगं लागतं. आतल्या दाराला तीन कड्या, मध्ये तीन भोकं. आम्ही दीड तास कड्या फिरवत बसलो होतो. शेवटी भावाने सामानातला पंजा उलटा करून पाहिला, तर तळव्यावर अस्वल, पतंग आणि घुबड कोरलेले. बाहेरून आत त्याच क्रमाने कड्या लावल्या, पंजाची नखं भोकांत गेली, दार उघडलं. भाऊ आता मुंबईला असतो, गणपतीला येतो. त्याच्या हातात खरा, जड, गार लागणारा पंजा द्यायचा असं मनात होतं.

प्लॅस्टिकवर सोनेरी रंग मारून ते होत नाही, म्हणून कोल्ड कास्टिंग. यात धातू वितळवायचा नसतो. धातूची बारीक पावडर रेझिनमध्ये कालवून साच्यात ओतायची, घट्ट झाली की वरचा रेझिनचा पातळ थर घासून काढायचा. खालची पावडर उघडी पडते आणि वस्तू धातूसारखी दिसते, कारण तिथे खरोखर धातूच असतो.

मूळ नमुना थ्री-डी प्रिंट करून मागवला. त्याच्या रेषा घालवायला लांबी आणि सरफेसर मारून 120 पासून 600 पर्यंत वॉटर पेपरने घासला. चार संध्याकाळी गेल्या, पण त्यात सांगण्यासारखं काही नाही. साचा सिलिकॉनचा, दोन भागांचा. मी टिनच्या उत्प्रेरकाने जमणारं सिलिकॉन वापरलं. ते जमायला हवेतला थोडा ओलावा लागतोच, त्यामुळे पावसाळ्यात साचा सुंदर निघाला. नखांच्या टोकांना हवा अडकते, तिथून बाहेर जाणाऱ्या बारीक वाटा ठेवा. मी पहिल्या साच्यात ठेवल्या नव्हत्या, दुसरा करावा लागला.

रेझिन पॉलीयुरेथेनचं होतं. दोन बाटल्या, सम प्रमाणात मिसळायच्या, हातात पाच मिनिटं मिळतात. एप्रिलमध्ये याच रेझिनमध्ये पितळ कालवून मी रुपयाएवढं एक नाणं ओतून पाहिलं होतं. काचेसारखं गुळगुळीत निघालं. जुलैत तेच प्रमाण, तोच हात, तोच तराजू. 100 ग्रॅम रेझिन, 300 ग्रॅम पितळ. ओतल्यावर तिसऱ्या मिनिटाला साच्याच्या तोंडातून मिश्रण वर यायला लागलं. हळूहळू, थांबत थांबत, दूध उतू जाताना येतं तसं. तासाभराने साचा उघडला तर आत पंजा होता, पण घुबडाच्या जागी भोकंच भोकं. नख बोटाने दाबलं तर मोडलं. आतून कापला तर जाळीदार घावन.

पुरवठादाराला फोन केला. पहिलं उत्तर: हळू ढवळा, हवा मिसळतेय. दुसऱ्यांदा हळू ढवळलं, पुन्हा घावन. मग त्यांनी एक फॉर्म पाठवला. बॅच नंबर, बिलाचा फोटो, बाटलीचा फोटो, खराब मालाचा चारही बाजूंनी फोटो. भरला. फोटो अंधुक आहेत म्हणून परत आला. पुन्हा भरला. मग काही नाही. मधूनमधून फोन करायचा, दर वेळी नवा माणूस, दर वेळी सगळं पहिल्यापासून सांगायचं आणि शेवटी तेच वाक्य. एकोणीस दिवसांनी लेखी उत्तर आलं: मिश्रण करण्यात वापरकर्त्याची चूक, बदली माल मिळणार नाही. एवढ्या दिवसांत एकानेही विचारलं नाही की तुम्ही राहता कुठे, बाहेर पाऊस आहे का. हा एक प्रश्न पहिल्या फोनवर आला असता तर बाकीचे तीन फोन लागले नसते. बाटलीवर "थंड व कोरड्या जागी ठेवा" एवढंच छापलंय. जुलैत मालवणात कोरडी जागा कुठे असते? आमच्या स्वयंपाकघरात मिठाच्या बरणीला पाणी सुटतं, पापड डब्यात मऊ पडतात. खोलीतला आर्द्रतामापक 91 टक्के दाखवत होता.

उत्तर मला आमच्या वाडीतल्या गणपतीच्या शाळेत मिळालं. तिथले काका शाडूच्या मूर्ती करतात. मी माझा फुगलेला पंजा घेऊन नुसता बसलो होतो. मूर्तींच्या वर दिवे टांगलेले, खाली पंखा, आषाढात माती वाळवायचा तो त्यांचा रोजचा झगडा. त्यांनी पंजा हातात घेतला, मोडलेल्या नखातून आत बघितलं आणि म्हणाले, "पावसात माती सुकणा नाय, तुझी ही पावडर खंय सुकतली?"

मी ढवळण्याचा विचार करत होतो, रेझिनचा करत होतो. पावडरीचा विचार एकदाही केला नव्हता. ती पिशवी एप्रिलपासून रबर लावून कपाटात होती.

घरी येऊन 300 ग्रॅम पावडर स्टीलच्या ताटात पसरली, तराजूवर ठेवली, मग ओटीजीत 110 अंशांवर दोन तास. बाहेर काढून लगेच रबरी कडा असलेल्या डब्यात झाकली, गार झाल्यावर पुन्हा तोलली. 299.6. चारशे मिलिग्रॅम उडालं होतं.

चारशे मिलिग्रॅम म्हणजे पाण्याचे सात-आठ थेंब. पण या रेझिनच्या एका बाटलीत आयसोसायनेट असतं आणि त्याला पाणी भेटलं की कार्बन डायऑक्साइड तयार होतो. गादीचा फोम याच रसायनाने फुगवतात. एक ग्रॅम पाण्यातून सव्वा लिटरहून जास्त वायू निघू शकतो. माझ्या चारशे मिलिग्रॅममधून अर्धा लिटर. सगळं मिश्रण जेमतेम 130 मिलिलिटर! त्या पावडरीच्या कणाकणावर ओलावा बसलेला, म्हणजे फेस सगळीकडून एकदम. मी कितीही हळू ढवळलं असतं तरी काय होणार होतं?

खात्री करायला तीन वाट्या मांडल्या. पहिलीत नुसतं रेझिन, दुसरीत पिशवीतली पावडर घालून, तिसरीत भाजलेली पावडर घालून. दहा मिनिटांनी पहिली सपाट, दुसरी काठावर चढलेली, तिसरी सपाट. त्या तिसऱ्या वाटीचा तळ मी कितीतरी वेळ बोटाने चाचपत होतो. तिन्ही वाट्यांचा फोटो पुरवठादाराला पाठवला. त्याला आजवर उत्तर नाही.

नुसती पावडर वाळवून भागत नाही. ढवळायला आइसक्रीमच्या काड्या घेऊ नका, लाकूड पाणी धरतं. स्टीलचा चमचा घ्या. कागदी कप नको. साचाही ओतण्याआधी कोमट करा. मी प्लायच्या खोक्यात दोन बल्ब लावून रात्रभर आत ठेवला, ही युक्तीही काकांचीच. बाटली उघडली की काम झाल्याबरोबर बंद करा. तोंडाशी पांढरी साय किंवा खडे दिसले तर तिने आधीच ओलावा घेतलाय असं समजा.

पावडर घेताना एक नीट बघा. रंगवायची सोनेरी पावडर वेगळी आणि ओतायची वेगळी. रंगाची पावडर चपट्या पापुद्र्यांची असते, तिच्यावर मेणचट स्टिअरिक आम्लाचा लेप असतो, ती पृष्ठभागावर तरंगते. घासलं की निघून जाते. ओतायला दाणेदार हवी, 325 मेशची, म्हणजे साधारण 45 मायक्रॉनपर्यंतची.

शेवटचा पंजा असा ओतला. मऊ ब्रशने कोरडं पितळ साच्याच्या आत चोळलं, अस्वल, पतंग आणि घुबड यांच्या खाचांत जास्त, आणि जादा झटकून टाकलं. मग मिश्रण ओतून साचा हातात फिरवत राहिलो, सगळीकडे थर बसेपर्यंत. पोकळी साध्या रेझिनने आणि बेअरिंगच्या छर्‍यांनी भरली. वजन 640 ग्रॅम आलं. साचा उघडल्यावर पंजा निव्वळ तपकिरी, मंद दिसतो. घाबरू नका, फेकू नका. घासायला लागलं की पाच मिनिटांत पितळ वर येतं. बारीक स्टील वूलने सगळे घासतात, पण आमच्या हवेत त्याचे तुकडे खाचांत राहून गंजतात आणि लाल ठिपके पडतात. हिरवा स्क्रबर आणि 1000, 2000 नंबरचा वॉटर पेपर बरा. खाचांत पातळ काळा अ‍ॅक्रिलिक रंग भरून वरून पुसला.

आधी सांगायचं राहिलं: मास्क. कापडी नव्हे, फिल्टरवाला. पितळेची धूळ फुप्फुसात जाते, आणि आयसोसायनेटची एकदा अ‍ॅलर्जी जडली की दम्याचा त्रास मागे लागतो. पाऊस आत येतो म्हणून खिडकी बंद करून हे काम करू नका.

आईला मात्र हे पितळ आहे हे पटेना, प्लॅस्टिकच्या साच्यातून आलेलं पितळ कसं असेल. तिने देवाची भांडी घासायला ठेवलेलं आमसूल आणलं, पंजाच्या एका नखावर चोळलं, पाण्याने धुतलं. नख समईसारखं लख्ख झालं. बाकीची दोन नखं तिनेच घासली. मग मी आंबटपणा राहू नये म्हणून साबणाने धुऊन, बल्बच्या खोक्यात वाळवून, वर मेणाचा पातळ हात दिला. खारी हवा पितळ हिरवं करते, मेण दर दोन महिन्यांनी पुन्हा लावावं लागतं.

भाऊ गणपतीच्या आदल्या दिवशी पहाटे कुडाळला उतरला. घरी आल्यावर मी पंजा त्याच्या हातात दिला. त्याने काही न बोलता तो उलटा केला.