बोअरचा पाईप वर येतो?

आमचं शेत अमळनेर तालुक्यात, बोरी नदीच्या अंगाला. काळी, भारी जमीन. मार्च सरला की भेगा पडायला लागतात आणि मे महिन्यात शेतात चप्पल घालून चालायचं म्हणजे नजर खालीच ठेवावी लागते. आप्पांचं दर उन्हाळ्यात एकच म्हणणं, "बोअरना पाईप वर यी ऱ्हायना, भाऊ." म्हणजे बोअरचा पाईप वर येतोय.

मी धुळ्याला माती तपासणीच्या लॅबमध्ये काम करतो, म्हणून हे ऐकून हसायचो. यंदा मात्र मोजायचं ठरवलं. केसिंगवर, म्हणजे बोअरच्या त्याच पाईपवर, जमिनीलगत ऑइलपेंटची रेघ मारली ती जानेवारीत, हरभऱ्याला पाणी दिल्यावर. मे अखेरीस रेघ जमिनीपासून ३२ मिलीमीटर वर होती!

भेगा मोजताना फजिती झाली. आप्पांची पद्धत म्हणजे पऱ्हाटीची काडी खाली घालायची. काडी ७० सेंटीमीटरवर अडली. त्याच भेगेत सायकलच्या ब्रेकची तार सोडली तर ती ९५ पर्यंत गेली. भेग सरळ उतरत नाही, वळते. त्यामुळे हाती आलेली खोली ही 'निदान एवढी' म्हणायची. रुंदीचं तसं नाही, पट्टी आडवी धरली की झालं. सगळ्यात मोठी भेग तोंडाशी ४१ मिलीमीटर होती.

डबाभर माती लॅबला नेली. ४२५ मायक्रॉनच्या चाळणीतून चाळली, पाणी घालून लोण्यासारखी मळली आणि १४० मिलीमीटरच्या अर्धगोल साच्यात भरली. साच्याला आतून ग्रीस लावायचं, नाहीतर माती कडेला चिकटते आणि कांडी मधेच तुटते. भरल्यावर साचा टेबलावर हलकेच आपटायचा, म्हणजे आतली हवा निघते. पहिली कांडी मी घाईत थेट ओव्हनमध्ये ठेवली. ती केळ्यासारखी वाकली, फेकून दिली. दुसरी आधी सावलीत सुकवली, मग १०५ अंशाला. उरली ११८ मिलीमीटर, म्हणजे लांबी जवळजवळ १६ टक्के कमी. तिन्ही बाजूंनी तेवढीच आकसली असं धरलं तर १०० घनफुटांचे ६०च उरतात. शेतातली माती एवढी पातळ कधीच नसते, म्हणून तिथे आकडा बराच कमी येणार, पण जात कळली. बेसॉल्ट झिजून झालेल्या या मातीत माँटमोरिलोनाइट नावाचं चिकणमातीचं खनिज असतं. त्याच्या पापुद्र्यांमध्ये पाणी शिरलं की माती फुगते, निघालं की मिटते.

आणि ती नुसती आडवी मिटत नाही, उभीही मिटते. सगळीकडून सारखी आकसली तर साधारण दोन तृतीयांश हिशोब भेगांत दिसतो, उरलेला तिसरा हिस्सा जमीन खाली बसण्यात जातो. तो डोळ्यांना दिसत नाही, कारण सगळं शेतच बसतं. बोअरचं केसिंग खाली मुरमात टेकलेलं, ते जागचं हलत नाही. आप्पा इतकी वर्षं बरोबर बघत होते, फक्त हलणारी वस्तू उलटी धरत होते.

हे त्यांना कांडी दाखवून समजावलं. त्यांनी ती हातात फिरवली, वास घेतला, ठेवून दिली.

जूनमध्ये दोन मोठे पाऊस झाले. पहिल्याचं पाणी भेगांतून थेट खाली गेलं, वर चिखलसुद्धा झाला नाही. महिनाभराने रेघ परत जमिनीला टेकायला आली, जेमतेम ५ मिलीमीटर राहिली. आप्पांनीच फोन करून सांगितलं, "पाईप खाली जाई ऱ्हायना."