नवतप्यातले फायबरकाम

वरूडजवळच्या आमच्या संत्र्याच्या बागेत कडुनिंबाखाली जो पांढरा, अंड्यासारखा फायबरचा ट्रेलर उभा आहे, तो मी भंगाराच्या भावात घेतला. प्रवासासाठी बनलेली ही दोन चाकांची खोली एका ठेकेदाराने अनेक वर्षे साइट ऑफिस म्हणून वापरली होती. तळाच्या प्लायचा भुगा झाला होता आणि छताला तळहाताएवढे भोक पडले होते.

अशा ट्रेलरांपैकी प्रसिद्ध बोलर १९६८ साली कॅनडातल्या विनिपेगमध्ये तयार झाला. साच्यातून काढलेले वरचे आणि खालचे असे दोन भाग मध्यावर जोडायचे, एवढीच त्याची बांधणी. त्याचा जनक रे ओलेको याने आधी फायबरची सेप्टिक टाकी बनवली होती, हे वाचल्यावर मी गाड्यांच्या मिस्त्रीचा नाद सोडला आणि कूलरच्या फायबर बॉड्या सांधणाऱ्या कारागिराकडे गेलो.

त्याचे ऐकण्याआधी मी एक प्रयोग करून बसलो होतो. नवतप्यातल्या, म्हणजे मे अखेरच्या नऊ कडक उन्हाच्या दिवसांतल्या, एका दुपारी मगात अर्धा किलो रेझिन (फायबर सांधणारा, घट्ट होणारा चिकट द्रव) घेऊन त्यात दोन टक्के हार्डनर घातले. काचतंतूंची पहिली मॅट भिजेपर्यंत मगातल्या रेझिनची जेली झाली, तो मग हाताला चटका देऊ लागला, धूर निघाला आणि ब्रश आतच रुतला. "भाऊ, हे काम पहाटीच करा लागते," एवढेच तो म्हणाला. रेझिन घट्ट होताना स्वतःच तापते आणि खोल मगात ती उष्णता कोंडते, म्हणून आम्ही पहाटे पसरट घमेल्यात थोडे थोडे कालवू लागलो. हार्डनर एक टक्क्यावर आणले. त्याखाली नेले तर रेझिन चिकट, कच्चे राहते. कोबाल्ट, म्हणजे रेझिन घट्ट होण्याला वेग देणारे द्रावण, आधी रेझिनमध्ये पूर्ण मिसळल्याशिवाय तो हार्डनरच्या बाटलीला हात लावू देत नसे, कारण हे दोन्ही थेट एकत्र आले की भडका उडतो.

भोकाच्या कडा चहूबाजूंनी लांब उतार देऊन घासल्या, चौरस मीटरला ४५० ग्रॅम वजनाच्या मॅटचे तीन थर दिले आणि प्रत्येक थरातली हवा रोलरने काढली. घासताना उडणाऱ्या भुकटीची खाज दोन दिवस जात नाही. तळाला नवे प्लाय टाकले, बेअरिंग बदलले.

मृगाच्या पहिल्या सरीत छत कोरडे राहिले. खिडकीचे जुने रबर मात्र मी कंजूषपणाने तसेच ठेवले होते. तिथल्या गळतीखाली सध्या एक गंज (पातेले) ठेवला आहे.