टिंग, गोष्ट आणि आमचा कोठा

धाकट्या भावाची पोरगी कोपनहेगनला नोकरीला आहे. परवा तिचा फोन आला तेव्हा मी कोठ्यात गाईपुढं कुटार टाकत होतो.

"मोठेबाबा, आज मायी फजिती झाली. डॅनिशमधी 'एन टिंग' म्हंजे वस्तू, अन् 'एट टिंग' म्हंजे सभा. मी साहेबाले म्हटलं, मले एक सभा विचाराची आहे!"

हसलो, पण शब्द डोक्यात बसला. रात्री धुंडाळलं तर मूळ अर्थ सभाच निघाला. जुन्या नॉर्स भाषेत (ती डॅनिशची आजी) 'थिंग' म्हणजे गावोगावच्या लोकांनी उघड्यावर जमून तंटे सोडवायचे, कायदे ठरवायचे. आइसलँडमध्ये ९३० च्या सुमारास थिंगवेलिरच्या माळावर 'आल्थिंग' सुरू झालं. तेव्हा कायदे लिहिलेले नव्हते. एक माणूस खडकावर उभा राहून दरवर्षी एक तृतीयांश तोंडपाठ म्हणून दाखवायचा. (आमच्या ग्रामसेवकाला मागच्या सभेचं इतिवृत्तही वाचून दाखवणं होत नाही.) डेन्मार्कच्या संसदेचं नाव आजही फोल्केटिंग, नॉर्वेच्या स्टोर्टिंग. मग सभा या अर्थावरून सभेपुढचं प्रकरण, त्यावरून कोणतीही बाब, आणि शेवटी साधी वस्तू. इंग्रजीतला 'थिंग'ही याच वाटेनं आला.

आता आपली 'गोष्ट' घ्या. संस्कृतात गोष्ठ म्हणजे गाई बांधायची जागा. त्यावरून गोष्ठी, म्हणजे बैठक, मग बैठकीतलं बोलणं. तीच आपली गोष्ट: सांगायची कहाणी, आणि 'ही गोष्ट बरी नाही' मधली बाबही. गोठा त्याच घरचा. आमच्याकडं त्याला कोठा म्हणतात. आणि आम्ही वऱ्हाडी लोक अजूनही 'गोष्टी करत' बसतो, म्हणजे नुसतं बोलत. जुना अर्थ आम्हीच राखलाय म्हणा ना.

दोन्ही शब्द सभेतूनच निघाले. फक्त आपल्या सभेला शेणाचा वास आहे.

१ मेच्या ग्रामसभेला गणपूर्ती हवी होती शंभर माणसांची. अकरा वाजता आम्ही एकोणीस. सभा तहकूब. तहकूब सभेला गणपूर्तीची अट नसते, हे सगळ्यांना पाठ आहे. बाहेर निंबाखाली मात्र चाळीसेक जण उकिडवे बसले होते. पांदण रस्त्यावर मुरूम कोण टाकणार, ते तिथंच ठरलं.

हे सगळं नंतर पोरीला फोनवर सांगत होतो, तेवढ्यात घरातून माय ओरडली, "किती गोष्टी करून राहिला रे? धार काढाची हाय का नाही?"