नोंदणीकृत पत्ता बदलला तो सोमवार

२०१७ सालच्या ऑक्टोबरात मी बार्सिलोनात नोकरीला होते. रासायनिक कच्चा माल आयात करून युरोपभर विकणारी मध्यम आकाराची कंपनी, आणि मी तिच्या ट्रेझरीत. कुठल्या बँकेत किती पैसे पडलेत, आज कुणाला किती द्यायचेत, एलसी (माल विकणाऱ्याला पैसे मिळतील अशी बँकेची लेखी हमी) कुठून उघडायची, हे माझं काम. त्यात सहसा सांगण्यासारखं काही घडत नाही. पण सोमवार, ९ ऑक्टोबरचा दिवस मला तासातासाने आठवतो.

बार्सिलोना ही स्पेनच्या कॅटलोनिया प्रांताची राजधानी. मंगळवारी संध्याकाळी कॅटलोनियाच्या संसदेत प्रांतिक सरकारचे अध्यक्ष कार्लस पुजदेमोन भाषण करणार होते. त्यात ते स्वातंत्र्य जाहीर करतील, असं शहरात जो तो म्हणत होता. ते बोलायला उभे राहायच्या आत कंपनीचा नोंदणीकृत पत्ता कॅटलोनियाबाहेर गेलेला असलाच पाहिजे, असं आमच्या संचालक मंडळाने शनिवार-रविवारी फोनाफोनी करून ठरवलं होतं. पत्ता जायचा होता सारागोसाला. वेगवान रेल्वेने दीड तासावरचं, पण शेजारच्या आरागोन प्रांतातलं शहर.

आदल्या आठवड्यात काय काय झालं होतं ते सांगायला हवं. १ तारखेच्या रविवारी कॅटलोनियाच्या स्वातंत्र्यावर सार्वमत झालं. स्पेनच्या घटनात्मक न्यायालयाने ते आधीच स्थगित केलं होतं, तरी लोक शाळाशाळांत मतदानाला गेले आणि कित्येक ठिकाणी पोलिसांनी त्यांना लाठ्या घालून बाहेर ओढलं. प्रांतिक सरकारने आकडे दिले ते असे: मतदान सुमारे ४३ टक्के, त्यात ९० टक्के कौल स्वातंत्र्याच्या बाजूने. विरोधातले बहुतेक लोक घरीच बसले होते. मंगळवारी कडकडीत बंद पाळला गेला, रात्री राजे फेलिपे टीव्हीवर कठोर शब्दांत बोलले आणि आमच्या गल्लीत बाल्कन्यांमधून पातेली बडवण्याचा आवाज बराच वेळ चालू राहिला.

आमच्या कामाच्या दृष्टीने खरा धक्का गुरुवारी बसला. सबाडेल हे बार्सिलोनाजवळचं उद्योगनगर. तिथल्या व्यापारी-कारखानदारांनी १८८१ साली काढलेल्या सबाडेल बँकेने आपला नोंदणीकृत पत्ता आलिकांतेला हलवायचं ठरवलं. शुक्रवारी माद्रिदच्या मंत्रिमंडळाने वटहुकूम काढला: पत्ता बदलायला भागधारकांची सभा नको, संचालक मंडळाचा ठराव पुरे. त्याच दिवशी कैशाबँकने व्हॅलेन्सियाचा रस्ता धरला. कॅटलोनियातल्या दोन्ही सर्वांत मोठ्या बँका दोन दिवसांत कागदोपत्री बाहेर पडल्या.

सोमवारी सकाळी नऊला मी संगणक सुरू करतेय तोच तारापूरहून फोन. तिथल्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्याकडून आम्ही माल घ्यायचो. त्यांचे अकाउंटंट मराठीच. तिकडे साडेबारा वाजलेले.

"मॅडम, बातम्या बघतोय. तुमची बँक तिथे राहणार ना? आमचे दोन कंटेनर न्हावाशेवाला उभे आहेत. मालाचे कागद, बिल ऑफ लेडिंग, पाठवू की थांबू?"

मी म्हटलं, "पाठवा. पैसे वेळेत येतील."

"तुम्ही म्हणताय म्हणून पाठवतो," ते म्हणाले. "पण आमचे साहेब विचारतायत, उद्या तो वेगळा देश झाला तर एलसी कुठल्या देशाची धरायची?"

साहेबांचा प्रश्न अगदी बरोबर होता. त्या दिवशी जर्मनीतल्या ग्राहकाने आणि आमच्या कर्जविमा कंपनीनेही तोच विचारला. कॅटलोनिया स्पेनमधून बाहेर पडला तर युरोपीय संघातूनही बाहेर पडतो, आणि परत यायचं तर कराराच्या ४९व्या कलमाप्रमाणे सगळ्या सभासद देशांची संमती लागते. त्यात स्पेनही आला. संघाबाहेरच्या बँकेला युरोपीय मध्यवर्ती बँक रोजच्या गरजेचे पैसे देत नाही. ठेवींवरची एक लाख युरोपर्यंतची हमी स्पॅनिश निधीची, तीही जाते. मग ठेवीदार वाट कशाला बघतील? ते बघतही नव्हते. आमच्या कोपऱ्यावरच्या शाखेत सकाळपासून वयस्क माणसं पासबुकं घेऊन उभी होती आणि त्यांना 'आरसा खाती' उघडून हवी होती.

हा प्रकार जरा जवळून सांगते. स्पेनच्या खाते क्रमांकात ईएस ही अक्षरं, दोन तपासणीचे आकडे, मग चार आकडे बँकेचे आणि पुढचे चार शाखेचे. आरसा खातं म्हणजे त्याच बँकेत, त्याच नावाचं, पण शाखेचे ते चार आकडे कॅटलोनियाबाहेरच्या गावाचे. माणूस त्याच खिडकीशी उभा, पैसे त्याच बँकेत, फक्त चार आकडे बदललेले. तेवढ्याने लोकांना रात्रीची झोप लागत होती. मीही दुपारपर्यंत कंपनीची खाती तशीच करून घेतली आणि मोठ्या शिलका तिकडे वळवल्या.

ठरावाचा मसुदा मात्र माझ्या शेजारच्या टेबलावर तयार होत होता, आणि त्या दिवसातलं मला सर्वांत जास्त लागलेलं दृश्य तेच. माझी सहकारी कायदेविभागात होती. सार्वमतात तिने 'हो' असं मत दिलं होतं. तिची सत्तरीची आई मतपेट्या राखायला आदल्या रात्री शाळेतच झोपली होती. तीच सहकारी आता कंपनी कॅटलोनियातून बाहेर काढायचा ठराव स्वतःच्या हाताने टाइप करत होती. वाक्यं रूक्ष: नियमावलीतील अमुक कलमात दुरुस्ती, नवीन पत्ता अमुक रस्ता, सारागोसा. दोनदा थांबली. मग चष्मा पुसून पुन्हा लिहायला लागली. नोटरीची वेळ मिळवायला तिने सकाळपासून फोन केले होते, कारण निम्म्या शहरातल्या कंपन्यांना तीच वेळ हवी होती. शेवटी संध्याकाळी सहाची मिळाली.

आमच्या गोदामाचे प्रमुख कॅटलोनियातल्याच तारागोनाहून आले होते. त्यांचे आईवडील साठच्या दशकात दक्षिण स्पेनमधल्या आंदालुसियातून इथे मजुरीला आले. ते म्हणाले, "माझी बहीण अजून सेव्हिलला आहे. तिला भेटायला पासपोर्ट काढू?" माझी सहकारी उसळून काही बोलली नाही. इतकंच म्हणाली, "तुझ्या बहिणीशी माझं भांडणच नाही."

जेवणाच्या सुट्टीत मी तिला विचारलं, हे सगळं पैशासाठी का? ती शांतपणे सांगू लागली. स्पेनच्या लोकसंख्येत कॅटलोनियाचा वाटा १६ टक्के, उत्पन्नात १९ टक्के. प्रांतिक सरकारच्या हिशोबाने दरवर्षी सुमारे १६ अब्ज युरो इथून जातात ते परत येत नाहीत. माद्रिदची हिशोबाची रीत वेगळी, तिचा आकडा बराच कमी. बास्क प्रदेश आणि नवारा स्वतःचे कर स्वतः गोळा करून ठरलेला वाटा माद्रिदला देतात. २०१२ साली कॅटलोनियाचे तेव्हाचे अध्यक्ष आर्तुर मास यांनी तसंच काहीसं मागितलं तर स्पेनचे पंतप्रधान राहॉय यांनी नाही म्हटलं. पण त्याआधी, २०१० साली, लोकांनी सार्वमताने मंजूर केलेल्या कॅटलोनियाच्या स्वायत्तता कायद्यातली कलमं न्यायालयाने रद्द केली होती. "पैशाचं भांडण मिटवता येतं," ती म्हणाली. "आम्हाला विचारून केलेला कायदा कुणीतरी खोडून टाकला, ते नाही मिटत. फ्रँकोच्या काळात माझ्या आईला शाळेत तिची भाषा बोलू दिली नाही. तिला आकडे सांगू नकोस."

मग तिने मला विचारलं, तुमच्याकडे कसं चालतं? मी सांगितलं, की प्रत्यक्ष कर सर्वांत जास्त महाराष्ट्रातून जातो. चौदाव्या वित्त आयोगाने राज्यांना वाटायच्या करांत आम्हाला साडेपाच टक्के दिले, आणि देशाच्या लोकसंख्येत आम्ही नऊ टक्क्यांवर. ती म्हणाली, "आणि तुम्ही गप्प?" गप्प नाही, कुरकुर असतेच. पण त्या कराचा मोठा भाग मुंबईतून दिसतो तो मोठ्या कंपन्यांची मुख्य कार्यालयं तिथे आहेत म्हणून. साबण बिहारमध्ये विकला जातो, नफ्यावरचा कर मुंबईत भरला जातो. हे बोलता बोलता मला आमच्याच ताळेबंदाची आठवण झाली. आमचा निम्म्याहून अधिक माल कॅटलोनियाबाहेरच्या स्पेनमध्ये खपत होता. ही कमाई कॅटलोनियाची म्हणायची, की ज्यांनी माल घेतला त्यांचीही? तिच्या १६ अब्जांना माझं उत्तर एवढंच होतं आणि ते तिला पटलं नाही.

सहा वाजता संचालकांसोबत ती नोटरीकडे गेली. सातच्या सुमारास तिचा निरोप आला: सही झाली. मी बँकांना, विमा कंपनीला आणि तारापूरला कळवलं.

मंगळवारी पुजदेमोन बोलले. स्वातंत्र्याचा कौल स्वीकारला आणि काही सेकंदांतच त्याची अंमलबजावणी स्थगित ठेवली. पुढे २७ तारखेला संसदेने घोषणा केली, त्याच दिवशी माद्रिदच्या सिनेटने घटनेचं १५५वं कलम लावून प्रांतिक सरकार बरखास्त करायला मंजुरी दिली, आणि काही दिवसांतच पुजदेमोन ब्रसेल्सला निघून गेले. एकाही देशाने मान्यता दिली नाही. काही महिन्यांत पत्ते हलवणाऱ्या कंपन्या तीन हजारांच्या वर गेल्या.

आमचं तारागोनाचं गोदाम मात्र कुठेही हललं नाही. माणसं तीच, कामही तेच. कॅटलोनियाचा कर त्या एका सहीने फारसा बुडालाही नाही, कारण कंपन्यांचा नफ्यावरचा कर मुळातच माद्रिदकडे जातो. स्वातंत्र्यवादी मित्र हे ठासून सांगतात आणि ते खरं आहे. पण मी जे पाहिलं ते वेगळं होतं. ज्या श्रीमंतीच्या बळावर वेगळं व्हायचा विचार उभा राहतो, ती शेतजमिनीसारखी एका जागी पडून नसते. ती एलसीत असते, विम्यात असते, ठेवीदाराच्या भरवशात असते. आणि हा भरवसा एका दुपारीत सरहद्द ओलांडतो, त्याला कुणी अडवू शकत नाही.

श्रीमंत प्रदेश फुटूच शकत नाहीत, असं मात्र मी म्हणणार नाही. युगोस्लाव्हियातलं सर्वांत संपन्न गणराज्य स्लोव्हेनिया, ते १९९१ साली वेगळं झालं आणि २००४ मध्ये युरोपीय संघात गेलं. पण तेव्हा मागचा देशच कोसळत होता. चालू, धडधाकट देशातून, तेही युरोचं नाणं खिशात ठेवून निघायचं, हे अजून कुणाला जमलेलं नाही. त्याच ऑक्टोबरात, २२ तारखेला, उत्तर इटलीतल्या व्हेनेतो आणि लोंबार्दी या श्रीमंत प्रांतांनी सार्वमत घेतलं ते इटलीच्या घटनेच्या चौकटीत राहून, जास्त अधिकारांसाठी. व्हेनेतोत ५७ टक्के मतदान झालं, ९८ टक्के होकार पडला, आणि एकाही बँकेला पत्ता बदलावासा वाटला नाही. बेल्जियममधल्या डच बोलणाऱ्या, संपन्न फ्लँडर्सची अडचण आणखी वेगळी: ब्रसेल्स त्याच्या पोटात आहे, बहुतांशी फ्रेंच बोलतं, आणि ते सोडून जाणं फ्लँडर्सला परवडत नाही.

मी २०१९ मध्ये पुण्याला परत आले. त्याच वर्षी नऊ कॅटलान नेत्यांना नऊ ते तेरा वर्षांच्या शिक्षा झाल्या. त्या दिवशी माझ्या सहकारीचा फोन आला तेव्हा ती बराच वेळ बोलूच शकली नाही. एका मतदानासाठी माणसांना एवढी वर्षं कोंडणं मला तेव्हाही अन्याय वाटलं, आजही वाटतं. २०२१ मध्ये त्यांना माफी मिळाली, २०२४ मध्ये या चळवळीतल्या खटल्यांसाठी माफीचा कायदा झाला. जानेवारी २०२५ मध्ये सबाडेल बँकेने आपला पत्ता पुन्हा सबाडेलला आणला. आमची जुनी कंपनी कागदावर अजून सारागोसातच आहे. माझी सहकारी अजून तिथेच काम करते, स्वातंत्र्यवाद्यांनाच मत देते, आणि कर गोळा करायचा हक्क कॅटलोनियाला कधी मिळणार यावर महिन्यातून एकदा तरी माझ्याशी फोनवर वाद घालते.