बंड्याचं शेपूट पडलं तेव्हा

सोमवारी सकाळी आईने हाक मारली, "अरे, याचं शेपूट बघ कसं लोंबतंय." बंड्या आमचा लॅब्रॅडोर, चार वर्षांचा. याच शेपटाने त्याने आजवर टीपॉयवरचे तीन कप फोडलेत. आता ते मुळापासून चार बोटं आडवं होतं आणि तिथून सरळ खाली, ओल्या दोरीसारखं. चालत नीट होता, पण बसायला तयार नव्हता. दोनदा टेकला आणि लगेच उठला.

मला घाम फुटला तो वेगळ्याच कारणाने. आदल्या दिवशी भाटघरच्या पाण्याकाठून निघताना घाईत डिकी मीच आपटली होती. त्यात शेपूट सापडलं असणार, असं मी ठरवूनच टाकलं. बायकोला मात्र काही बोललो नाही.

शेजारचे काका म्हणाले, "आपली अंगदुखीची अर्धी गोळी द्या, काही होत नाही." गोळी हातात घेतलीही होती. नशीब, आधी डॉक्टरांना फोन केला. त्या फोनवरच ओरडल्या. आपण सहज घेतो त्या आयबुप्रोफेनसारख्या गोळ्यांनी कुत्र्याच्या पोटात व्रण होतात, मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. काही न देता तसंच घेऊन या, म्हणाल्या.

दवाखान्यात त्यांनी शेपटाला लगेच हातही लावला नाही. आधी विचारलं, शी-शू व्यवस्थित होतेय का? शेपूट मुळाशी जोरात ओढलं गेलं असेल तर तिथल्या नसा दुखावतात आणि लघवीवरचा ताबा जातो, म्हणून. मग मागचे पंजे एकेक करून उलटे टेकवून पाहिले. बंड्याने ते लगेच सरळ केले, म्हणजे पाठीच्या कण्याची काळजी कमी. गुदग्रंथी तपासल्या, त्या तुंबल्या तरी कुत्रं शेपूट पाडून फिरतं. चावल्याची जखम आहे का म्हणून केस बाजूला करून पाहिलं. शेवटी एकेक मणका दाबत गेल्या. मुळापाशी बोट येताच बंड्या कळवळला. तिथले केसही थोडे उभे राहिले होते, जे मी सकाळपासून पाहूनही पाहिले नव्हते.

तेव्हा डिकीचं कबूल केलं. त्यांनी एक्स-रे काढला. मणके सलग, कुठे तडा नाही.

"आता काल दिवसभर काय काय केलंत ते सांगा."

सांगितलं. थंडगार पाण्यात दीड-दोन तास चेंडू आणून देणं, अंग नीट न पुसताच गाडीत, आणि बॅगा-चटयांच्या मधे दोन तास अवघडून प्रवास. त्याआधी दोन महिने साहेबांचा व्यायाम म्हणजे सोसायटीची एक फेरी.

"लिंबर टेल," त्या म्हणाल्या. पोहताना कुत्रं शेपटाचा सुकाणूसारखा वापर करतं. सवय नसताना फार ताण पडला की मुळाशी असलेले स्नायू दुखावतात, सुजतात. थंड पाणी, ओलं अंग, पिंजऱ्यात किंवा गाडीत तासन्‌तास कोंबून राहणं, यातलं काहीही निमित्त होतं. लॅब्रॅडोर, पॉइंटर अशा कामाच्या जातींत जास्त दिसतं. आमच्याकडे तर सगळी निमित्तं एकाच रविवारी जमली होती.

उपचार अगदीच साधे निघाले. सूज उतरवणारं औषध, पण कुत्र्याचं आणि त्याच्या वजनाच्या हिशोबाने, तेही जेवणानंतरच. शेपटाच्या मुळाशी कोमट कापडाने शेक. बाहेर फक्त शी-शूपुरतं, पट्टा लावून. बहुतेक कुत्री काही दिवसांत ते दोन आठवड्यांत बरी होतात; नाही झाली किंवा मागचे पाय लटपटले, तर लगेच परत या.

आईने मंगळवारी दृष्टही काढली. मी अडवलं नाही. शेकाच्या वेळेला बंड्याला धरून ठेवण्यात तिचाच हात लागत होता.

चौथ्या दिवशी पोळीच्या डब्याचा आवाज झाला आणि शेपटाचं टोक किंचित हललं. नवव्या दिवशी ते पूर्ण वर होतं.

मार्चमध्ये पुन्हा पाण्यावर गेलो. दहा मिनिटं पोहणं, मग टॉवेल, मग मागची अख्खी सीट त्याची. बॅगा आम्ही मांडीवर घेतल्या. बंड्या घरी येईपर्यंत तोंड फिरवून बसला होता, दहा मिनिटं त्याला मुळीच मान्य नव्हती.