नमद्याचा तुकडा

वारीत फलटण सोडलं तेव्हा डावा पाय ठीक होता. निदान मला तसं वाटलं, आणि गोम तिथंच आहे. बर्फानं एकदा मारलेल्या पायाचं दुखणं उशिरा कळतं. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट फौजेतच राहिलं, उरलेल्या तिघांना अर्धीच जाणीव. म्हणून दुखायची वाट बघायची नाही. तासा-दीड तासानं बूट काढून डोळ्यांनी बघायचं, टाचेवरून आणि चवड्याखालून हात फिरवायचा. लाल, गरम जागा लागली की तिथंच चिकटपट्टी. नाहीतर थोड्या वेळात फोड आलाच म्हणून समजा.

त्या दुपारी मी बघितलं नाही. दिंडीतल्या पोरांपुढं तो पाय उघडा करायला नको वाटतं. वारीत कोण कधी पायावर डोकं ठेवील याचा नेम नसतो. उजवा पुढं करता येतो, पण लोक दोन्ही धरतात.

दिवे घाट चढून झाला, जेजुरीत भंडारा अंगावर पडला, नीरास्नान झालं, चांदोबाच्या लिंबाला अश्व धावले. गावी गेल्यावर लोक त्याचंच विचारतात. मला मात्र पिंपरद सोडल्यावरची एक बाभळ आठवते.

फौजेत ५० मिनिटं चाल, १० मिनिटं थांबा. थांबल्यावर पाठ टेकून पाय पिशवीवर वर. वारीत रथ थांबला की तुम्ही थांबलात, तेही उभ्यानं. चालण्यापेक्षा हे उभं राहणं वाईट. रक्त खाली उतरतं, पाऊल सुजतं, सकाळी सैल असलेला बूट दुपारी चावायला लागतो. म्हणून चालण्यासाठी बूट घ्यायचा तर संध्याकाळी, सुजल्या पायानं, जाड मोजा घालून घ्यावा. त्यात मागून दिंड्यांचे ट्रक. पुढच्या तळावर तंबू ठोकायचेत, हे मलाही कळतं. पण हॉर्न कानातच वाजवायला हवा का? तोंडात शिवी आलीच होती. तेवढ्यात शेजारच्या म्हातारीनं डोक्यावरची तुळस दोन मिनिटं माझ्या डोक्यावर दिली आणि नऊवारीचा काष्टा सारखा केला. तुळस डोक्यावर असताना शिवी देता येत नाही.

चूक माझीच होती. बोटं नसलेल्या पोकळीत मी कापूस भरत होतो. कापूस घामानं भिजतो, दबतो, त्याची गुठळी होते. पुढं जागा रिकामी, म्हणून पाऊल दर वेळी पुढं घसरतं. गुठळी सरकून नेमकी चवड्याच्या बाहेरच्या हाडाखाली येते. दोन बोटं कमी असल्यावर भार तिथंच पडतो. बूट काढला तर रुपयाच्या नाण्याएवढा फोड, टम्म भरलेला.

लहान फोड फोडू नये, वरची कातडी हीच त्याची पट्टी. मोठा आणि भार पडणाऱ्या जागेवरचा असेल तर साबणानं धुवून, स्पिरिटनं पुसलेल्या सुईनं कडेला टोचायचं, मध्यात नाही. दाबून पाणी काढायचं. कातडी कापायची नाही, वर मलम आणि स्वच्छ पट्टी. साखरेचा आजार असलेल्यानं मात्र सुईला हात न लावता डॉक्टरांचा तंबू गाठावा.

बाभळीखाली चपला फुकट शिवून देणारा एक चर्मकार बसला होता. त्यानं पायाकडं बघितलंच नाही, आधी बुटात हात घातला.

‘बोटं किती, माउली?’

‘तीन.’

‘आणि हा कापूस कशाला? कापूस वातीला असतो.’

त्याच्याकडं घोड्याच्या जीनखालचा जुना नमदा, म्हणजे लोकर दाबून केलेलं जाड कापड, होता. रापीनं त्यानं पाचरीसारखा तुकडा कापला. बुटाच्या टोकाकडं जाड, पायाकडं निमुळता. तीनदा घालून बघितला, तीनदा तासला. करंगळीच्या जाडीइतकी फट मुद्दाम ठेवली, दुपारी पाय फुगतो म्हणून. मी म्हटलं सोल्युशननं चिकटवा. नाही म्हणाला. घामानं सुटतं आणि सुटलं की पुन्हा गोळा. आरीनं दोन टाके घातले, गाठी बाहेरच्या बाजूला. उरलेल्या नमद्याचं कडं करून फोडाभोवती ठेवायला दिलं, मधलं भोक फोडापेक्षा मोठं, म्हणजे भार कडेवर जातो. पैसे घेतले नाहीत. उठताना रीतीप्रमाणे त्यानं दोन्ही पायांवर डोकं ठेवलं. मी मागं घेईपर्यंत झालं होतं. मग मीही वाकलो. त्याच्या टाचांना डांबर लागलं होतं.

बरडच्या तळावर समाजआरतीला चोपदारांनी चोप, म्हणजे हातातला दंड, उंचावला. सगळे टाळ एकदम गप्प, एकच दिंडी वाजवत राहिली. म्हणजे तक्रार. चोपदार गेले, पाण्याच्या टँकरचं काहीतरी होतं, बोलणं झालं, टाळ थांबला. वारीची ही घडी बसवणारे हैबतबाबा आरफळकर शिंद्यांच्या पदरचे सरदार होते. माणूस पलटणीतला, हे रीत बघूनच कळतं. माझी तक्रार तीन वर्षं एका कचेरीत पडून आहे. वैद्यकीय मंडळानं अपंगत्व २० टक्क्यांच्या खाली धरलं की अपंगत्वाच्या भागाचं पेन्शन नाही. मग पहिलं अपील, दुसरं अपील, त्यानंतर सशस्त्र दल न्यायाधिकरण. पीपीओ म्हणजे पेन्शनचा हुकूम, डिस्चार्ज बुक आणि मंडळाचा कागद यांच्या प्रती पिशवीत प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून असतात. वारीत त्यांचा काय उपयोग, असं बायको विचारते. उपयोग नाही. पण घरी ठेवून निघवत नाही.

रात्री पाऊस लागला. धुतलेले मोजे तंबूच्या दोरीवर वाळणार नव्हते, म्हणून पिळून बनियनच्या आत पोटाशी घेऊन झोपलो. अंगाच्या उबेनं वाळतात. पहाटे तळ हलायला लागला तेव्हा एक वाळला होता, एक दमट होता. वाळलेला डाव्या पायात घातला.